पाचगणीच्या शेगडीचा ब्लोअर, गिरगावातली दुरुस्ती : कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली, रात्रीची बस धरली आणि पहाटे घरी पोचले. पिशवीत मावशीच्या शेगडीचा ब्लोअर आहे, वजन सहा किलो. पसरणी घाटात प्रत्येक वळणाला पिशवी घसरत होती, म्हणून वाई येईपर्यंत ती मांडीवरच धरली.

मुंबईत ही वस्तू फारशी कुणी पाहिलेली नसते, म्हणून आधी थोडक्यात सांगते. पाचगणीच्या जुन्या बंगल्यांत भिंतीत बांधलेली दगडी फायरप्लेस असते. तिच्यात लाकूड पेटवलं की बरीचशी ऊब धुराड्यातून वर निघून जाते. आमच्या काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, १९९८ साली अमेरिकेतली नोकरी सोडून परत येताना एक लोखंडी पेटी आणली आणि त्या खोबणीत सरकवून बसवली. हिला इन्सर्ट म्हणतात. मावशी शेगडीच म्हणते. काचेचं दार, आत जाळ, धूर वेगळ्या स्टीलच्या पाइपातून वर. पेटीला दुहेरी भिंत आहे. ब्लोअर खोलीतली हवा खालून त्या दोन भिंतींच्या मधल्या फटीत ढकलतो आणि तीच हवा तापून वरच्या जाळीतून खोलीत येते. म्हणजे ब्लोअरचा धुराशी काही संबंध नाही. वरच्या जाळीतून कधी धुराचा वास आला तर पंख्याचं काम बाजूला ठेवा. पेटीला तडा गेला असेल किंवा सांधा सुटला असेल. जाळ विझवायचा आणि ते बघितल्याशिवाय पुन्हा पेटवायचा नाही.

मावशी ७८ वर्षांची आहे, संधिवात आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री पारा दहाच्या आसपास येतो. ब्लोअर बंद असला की शेगडीसमोर चार फूट ऊब आणि तिच्या पलंगापाशी गारठा. गेल्या हिवाळ्यात तो आधी किंचाळायचा, नंतर नुसता गुणगुणायचा, यंदा दिवाळीत पेटवून पाहिलं तर फिरलाच नाही. आणि मावशी सहज बोलून गेली, "अगं, त्याला हात लावला की झिणझिण्या येतात. मी आपली काठीनेच बटण दाबते."

हे ऐकल्यावर मी आधी प्लग काढला. ब्लोअर ११५ व्होल्टचा आहे, म्हणून मधे २३० चे ११० करणारा स्टेपडाउन लावलेला. तो दोन पिनांचा. ब्लोअरला तिसरी पिन होती, ती स्टेपडाउनपाशीच संपत होती. एवढी लोखंडी पेटी इतकी वर्षं अर्थिंगशिवाय चालू होती. कुणाच्या घरी परदेशी वस्तू अशी चालत असेल तर बाकी काही करण्याआधी हे बघा.

५ नोव्हेंबर

शाळेला दिवाळीची सुट्टी आहे. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, त्यामुळे मीटर, सोल्डरिंग वगैरे हाताला सवयीचं आहे, पण मोटर उघडायची ही तशी दुसरी-तिसरी वेळ.

रचना सोपी आहे. मधोमध मोटर, दोन्ही बाजूंना शाफ्ट आणि प्रत्येक बाजूला पिंजऱ्यासारखं पात्यांचं चाक. लेबलवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ, ०.९ अँपिअर. पात्यांच्या पोटात राख आणि केसाळ धूळ दोन मिलिमीटर जाड बसली होती, दाबून बसवल्यासारखी. नखाने उचकटली की तिच्या पात्याच्याच आकाराच्या वळलेल्या चकत्या निघत होत्या. पाती अशी भरली की चाक फिरतं, पण हवा उचलत नाही.

आज दोन चुका झाल्या. पहिली, चाक शाफ्टवर धरणारा ग्रब स्क्रू. ३ मिलिमीटरची ॲलन की घातली, थोडी सैल वाटली तरी जोर लावला आणि स्क्रूचं डोकं आतून गोल झालं. अमेरिकन वस्तूत इंची माप असतं. तिथे १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटरची की लागते. लोहार चाळीत जाऊन इंची सेट आणला, २२० रुपये. तोवर स्क्रू बिघडला होता. शेवटी नवी की हातोडीने हलकेच ठोकून बसवली आणि मग तो सुटला. दुपार गेली.

दुसरी चूक आज कळली नाही, ती १० तारखेच्या नोंदीत आहे.

७ नोव्हेंबर

मोटर उघडली. वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, शाबूत: मीटरवर ओहम नीट येतात, बॉडीला कुठे लागलेलं नाही. दोष बुशात, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्यात होता. शाफ्ट बोटांनी फिरवला तर वाळूत फिरवल्यासारखा वाटायचा. या बुशाचा धातू सच्छिद्र असतो, त्याच्या भोवती नमद्याची कडी असते, नमद्यात तेल मुरलेलं असतं आणि ते हळूहळू आत झिरपतं. माझ्या नमद्याची सुकट झाली होती.

घरात शिलाई मशिनचं तेल होतं, तेच सोडलं. मोटर लगेच गोड आवाजात फिरायला लागली आणि मला वाटलं, काम झालं.

१० नोव्हेंबर, रविवार

काम झालं नव्हतं. चाकं लावून ब्लोअर टेबलावर चालू केला तर टेबलावरची पकड चालत चालत कडेला आली. इतकी थरथर आधी नव्हती, मावशीकडे तो किंचाळायचा, हलायचा नाही. शाफ्ट वाकडा असेल म्हणून मोटर पुन्हा उघडली, तपासली. शाफ्ट सरळ होता. संध्याकाळपर्यंत हेच.

मग आठवलं. मंगळवारी पाती घासताना एका पात्याच्या काठावर पत्र्याची छोटी चिमटी दिसली होती. कागदाच्या टाचणीएवढी. कुठून तरी अडकलेला कचरा समजून मी ती पकडीने काढून टाकली. ती बॅलन्सची क्लिप होती. कारखान्यात चाक तोलताना जिथे वजन कमी पडतं तिथे अशी क्लिप बसवतात. राखेच्या वर्तमानपत्राची पुरचुंडी नशिबाने अजून गॅलरीत होती. अर्धा तास राख चाळली आणि क्लिप मिळाली. पण कुठल्या पात्यावर होती? चाक शाफ्टवर मोकळं फिरू दिलं की जड बाजू खाली येऊन थांबते. त्याच्या बरोबर समोर क्लिप लावली, मग एकेक पातं पुढे-मागे सरकवत पाहिली. अकराव्या प्रयत्नात थरथर गेली.

तुम्ही चाक धुणार असाल तर आधी फोटो काढा आणि पात्यावरची कुठलीही क्लिप काढू नका.

१३ नोव्हेंबर

तीन दिवस रोज दोन-दोन तास चालवला. आज पुन्हा किंचाळला. शिलाई मशिनचं तेल फार पातळ, मोटर तापली की बुशात टिकत नाही. खेतवाडीत मोटर वाइंडिंगचं काम करणारे अण्णा आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी ६८ ग्रेडचं टर्बाइन तेल सांगितलं आणि वर बजावलं की गंज सोडवायचा स्प्रे बुशात मारायचा नाही, तो असलेलं तेलही धुऊन नेतो. तेल एक लिटरखाली मिळेना, ३८० रुपये. लागलं चमचाभर. नमद्याच्या कड्या रात्रभर तेलात बुडवून ठेवल्या.

१६ नोव्हेंबर

आवाज नाही, थरथर नाही. पण मोटर किती तापते? लेसर थर्मामीटरने पाहिलं: ४१ अंश. बोट लावलं तर चटका बसला. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर खोटं सांगतो. काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पुन्हा नेम धरला: ९४ अंश. तेही गिरगावात, जाळ नसताना, एका तासात.

१८ नोव्हेंबर

शाळा उघडली. परवानगी घेऊन प्रयोगशाळेचा डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र, एका संध्याकाळीपुरता आणला. व्होल्टेज हळूहळू खाली आणत गेले. १०९ व्होल्टला ९४ अंश होते, ९६ व्होल्टला तासाभराने ७२. अँपिअरही १.१ वरून ०.८ वर आले, म्हणजे लेबलापेक्षा खाली.

कारण साधं आहे आणि मला ते पहिल्याच दिवशी लेबलावर दिसायला हवं होतं. मोटर ६० हर्ट्झची, आपली वीज ५० हर्ट्झची. सायकल कमी झाले की त्याच प्रमाणात व्होल्टही कमी द्यावे लागतात, नाहीतर मोटरचं लोखंड चुंबकत्वाने भरून जातं आणि जास्तीचा करंट नुसती उष्णता होतो. ११५ ला ५० ने गुणून ६० ने भागलं की ९६ येतात. स्टेपडाउन फक्त व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. दुकानदार "अमेरिकेच्या वस्तूला चालतो" म्हणून जो ११० चा डबा देतात, तो अशा ब्लोअरच्या मोटरला थोडा जास्तच पडतो.

बंगल्याची देखभाल तात्या करतात. त्यांना फोन केला, रात्री अकरा वाजता प्लगमध्ये मीटर लावून आकडा सांगा म्हटलं. "ताई, दोनशे अठ्ठेचाळीस दाखवतंय." म्हणजे स्टेपडाउनमधून ११८ बाहेर पडत होते. जिथे ९६ हवेत तिथे ११८, रात्रभर, सव्वीस हिवाळे. एवढी वर्षं टिकली ही त्या मोटरची कमाल आहे.

अण्णांकडे २३० ते ९६ व्होल्टचा, १५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर बांधायला टाकला. दोन वेगळ्या वाइंडिंगचा, तीन पिनांचा, बॉडीला अर्थ. ११०० रुपये, आठवडा.

२१ नोव्हेंबर

१९ आणि २० तारीख निवडणुकीच्या ड्युटीत गेली. काल विधानसभेचं मतदान होतं, बाजारही बंद. आज हीट स्विच.

ब्लोअर सतत चालत नाही. पेटीच्या बुडाला चुंबकाने चिकटलेली बटणाएवढी डिस्क असते. पेटी तापली की आतली पत्री टक्क करून उलटते आणि पंखा सुरू होतो, जाळ विझून पेटी निवली की बंद. ही डिस्क मी दिवाळीत पाचगणीलाच विसरले. तात्यांनी मुंबईला येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवली, त्यात आणखी चार दिवस गेले. पंखा आणायला जाल तेव्हा डिस्क आणि तिची वायर सोबत आणा.

तपासायची पद्धत: इस्त्री उलटी ठेवली, अगदी कमीवर, वर डिस्क, डिस्कला मीटर. ४६ अंशाला टक्क आवाज आला, पण मीटरवर शून्याच्या जागी कधी ४० ओहम, कधी काहीच नाही. पत्री उलटते, पण आतले संपर्क जळालेत. नुसता आवाज ऐकून डिस्क चांगली आहे म्हटलं असतं तर फसले असते.

नवी डिस्क लॅमिंग्टन रोडला ६० रुपयांत मिळाली, केएसडी ३०१, ४५ अंशाची. घरी येऊन इस्त्रीवर ठेवली तर उलटंच: थंड असताना चालू, तापली की बंद. गीझर-इस्त्रीत हीच लागते, म्हणून दुकानदाराने न विचारता तीच दिली आणि मीही तपासली नाही. आपल्याला 'नॉर्मली ओपन' हवी, तापल्यावर जोडणारी. पुन्हा गेले, पुन्हा ६० रुपये.

३० नोव्हेंबर, शनिवार

पाचगणी. सगळं बसवलं. सिल्व्हर ओकची वाळलेली लाकडं होती, सहाला पेटवली. सहा वाजून बावीस मिनिटांनी डिस्क टकली आणि ब्लोअर सुरू झाला. उदबत्ती पेटवून वरच्या जाळीपाशी आणि दाराच्या चारी कडांना फिरवली. जाळीपाशी धूर बाहेर ढकलला जातो, दाराच्या कडेला आत ओढला जातो, हे बरोबर. खोलीत बॅटरीचा कार्बन मोनॉक्साइड अलार्मही लावला, १४०० रुपये. या वायूला वास नसतो आणि खिडक्या लावून झोपणाऱ्या माणसाच्या खोलीत तो अलार्म हवाच. मावशीने पलंगावर बसून दोन्ही हात पुढे धरले आणि म्हणाली, "आलं गं इथपर्यंत."

५ डिसेंबर

तात्यांचा फोन. ब्लोअर बंद. आधी घसा बसल्यासारखा आवाज, मग जाम. पाच दिवस चालला.

मी त्यांना विचारत गेले. लाकूड जास्त घातलं का? नाही. पाणी सांडलं का? नाही. मग म्हणाले, "परवा रात्री लाइट गेली होती ना ताई, दोन तास. तशी इकडे जातेच. पंखा बंद पडला, जाळ आपला चालू."

हा प्रश्न मी महिनाभर विचारलाच नव्हता. जाळ पेटता आहे आणि ब्लोअर बंद, म्हणजे मोटरवरून जाणारी गार हवा थांबली आणि पेटीच्या बुडाची सगळी धग सरळ मोटरवर.

८ डिसेंबर, रविवार

तात्यांनी मोटर बसने पाठवली. अण्णांकडे उघडली. बुशातलं नवं तेल तपकिरी, चिकट, लाखेसारखं झालं होतं. अण्णांनी ते सुईच्या टोकावर घेऊन खिडकीपाशी उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं.

"पोरी, बुश मी उद्या बदलून देतो. पण जिथे ही मोटर बसते तिथली धग बदलणार आहेस का तू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बुश दुरुस्त केला, तेल दुरुस्त केलं, व्होल्ट दुरुस्त केले, आणि तेल वाळतं कशाने हे विचारलं नाही. जास्त व्होल्ट हे अर्धं कारण होतं. उरलेलं अर्धं वीज जाण्यात होतं.

१० डिसेंबर

ठरवलं ते असं. जुनी मोटर सोडायची. बुशाऐवजी बॉल बेअरिंगची, सरळ २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची मोटर बसवायची, म्हणजे स्टेपडाउन, ट्रान्सफॉर्मर काहीच नको. आणि वीज गेली तरी ती फिरत राहील अशी सोय करायची. अण्णांचा ९६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आता कपाटात जाईल. तो वाईट नाही. ज्यांना मूळ मोटरच ठेवायची आहे त्यांनी तोच मार्ग धरावा. पण माझे ११०० रुपये गेले.

दोन्ही बाजूंना शाफ्ट असलेली मोटर शोधायला लोहार चाळीतली सात दुकानं फिरले. कूलरची मोटर एका शाफ्टची, एक्झॉस्टची फार मोठी. शेवटी एसीचे स्पेअर पार्ट विकणाऱ्याने फॅन कॉइल युनिटची मोटर काढली: ४५ वॉट, कपॅसिटरवाली, बॉल बेअरिंग, मिनिटाला १३५० फेरे, इन्शुलेशन बी वर्गाचं म्हणजे १३० अंशांपर्यंतचं. १६५० रुपये.

१४ डिसेंबर

शाफ्ट ८ मिलिमीटर. जुन्या चाकाचं भोक ५/१६ इंच, म्हणजे ७.९४. फरक केसाएवढा, पण चाक जाईना. लाकडी हातोडीने ठोकलं, अर्ध्यावर जाऊन अडकलं, मग पुढेही नाही, मागेही नाही. पुलर आणून काढायला दोन तास आणि चाकाची बैठक जराशी वाकली ती वेगळीच. हे करू नका. ड्रिलनेही भोक वाढवू नका, तिरकं होतं. लेथवाल्याने ८ मिलिमीटरचा रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार, फिरवून दोन्ही चाकं पाच मिनिटांत केली आणि वाकलेली बैठकही सरळ करून दिली, १५० रुपये. मोटर बसवायला पट्टीचा ब्रॅकेट, ३००.

१५ डिसेंबर, रविवार

चालू केलं. हवा आली, पण जोर नव्हता. मोटर बारीक पडली का म्हणून जीव खाली-वर झाला.

मोटर बारीक नव्हती, उलटी फिरत होती. या चाकाचा फसवा गुण असा की ते उलटं फिरलं तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त कमी. म्हणून नुसता हात लावून कळत नाही. पात्यांकडे बघायचं: पातं ओंजळीसारखं वळलेलं असतं आणि ओंजळ ज्या बाजूला उघडते त्या बाजूला चाक फिरायला हवं. या मोटरला कपॅसिटरकडच्या दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा बदलते. तोंडापाशी टिश्यू पेपरची पट्टी लावली होती. आधी ती तिरकी लोंबत होती, अदलाबदल केल्यावर ताठ आडवी झाली.

१८ डिसेंबर

वायरी. जुन्या वायरींचं आवरण वाकवलं की तुकडे पडत होते. साध्या पीव्हीसी वायरला ७० अंशांच्या वर धरवत नाही. सिलिकॉनच्या आवरणाची वायर आणि वरून फायबर ग्लासची स्लीव्ह घातली, २१० रुपये. जुना वेग कमी-जास्त करायचा नॉब ११५ व्होल्टचा होता, तो काढला. छताच्या पंख्याचा स्टेप रेग्युलेटर लावला, ३२० रुपये. पहिल्या नंबरवर मोटर अडखळत सुरू होते, म्हणून एक आणि दोन हे नंबर आतून जोडलेच नाहीत. मावशी अंधारात बटण फिरवणार, तिला नियम पाठ करायला लावण्यात अर्थ नाही.

२२ डिसेंबर, रविवार

गॅलरीत सकाळी नऊ ते तीन सलग सहा तास चालवला. काळ्या टेपवर ५२ अंश, शेवटचे चार तास तेवढेच. शेजारच्या वहिनींनी समोर सांडगे आणून ठेवले, ते वाळले.

२८ डिसेंबर, शनिवार

पाचगणी. आधी विजेची सोय. मी इथे नवा इन्व्हर्टर घ्यायचं मनाशी धरून आले होते. तात्या म्हणाले, "दिव्यांचा इन्व्हर्टर आहे की जिन्याखाली." डब्यावरचं वाचून पाहिलं: साइन वेव्हचा आहे. चौकोनी लहरीचा असता तर मोटर गुणगुणली आणि तापली असती. ४५ वॉटची मोटर म्हणजे त्याला पाच बल्बांएवढाही भार नाही. स्थानिक वायरमनकडून शेगडीजवळचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आणि अर्थ नीट ओढून घेतला. मीटरने पेटी ते अर्थ पाहिलं. मग मावशीला म्हटलं, हात लाव. ती आधी बोटाच्या टोकाने शिवली, मग तळवा ठेवला.

२९ डिसेंबर

मुद्दाम एक चाचणी केली. मंद जाळ, ब्लोअर चालू, मोटर ४८ अंश. मग ब्लोअर बंद केला आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांत ८१ आणि अजून चढतच होती. लगेच चालू केला. जोरदार जाळात दोन तास काय होत असेल ते यावरून कळतं. बुडाखाली मोटरच्या वर बोटभर अंतर सोडून जीआय पत्र्याची आडवी पट्टी लावली. तीच चाचणी पुन्हा केली, वीस मिनिटांना ६३. हा पत्रा तात्यांच्या शेडमध्ये पडलेला होता.

इन्व्हर्टरची बॅटरीही कधीतरी संपेल. म्हणून दाराशेजारी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: पंखा थांबला तर लाकूड घालायचं नाही, खालची हवेची दांडी बंद करायची, दार उघडायचं नाही, तात्यांना हाक मारायची.

खर्च, प्रवास सोडून: ॲलन की, तेल, ट्रान्सफॉर्मर, दोन डिस्क, मोटर, रीमर, ब्रॅकेट, वायर, रेग्युलेटर मिळून ४४५० रुपये, अलार्म धरून ५८५०. त्यातले ट्रान्सफॉर्मरचे आणि चुकीच्या डिस्कचे मिळून ११६० वाया. वेळ आठ आठवडे. वीज किती वेळा जाते हे दिवाळीतच विचारलं असतं तर डिसेंबरच्या थंडीत मावशी तीन आठवडे गारठली नसती.

१२ जानेवारी २०२५

तात्यांचा सकाळी फोन. रात्री पावणेदोनला लाइट गेली, साडेतीनला आली. मावशीला कळलंच नाही, सकाळी घड्याळाचा रेडिओ बंद दिसला म्हणून तिने विचारलं. तात्या उठून बघायला गेले होते. टेपवर नेम धरून आकडा लिहून ठेवलाय त्यांनी: ४९.